‘एकूण’ की ‘असेंद्रिय’: अन्नातल्या आर्सेनिकच्या मोजमापाची पार्श्वभूमी

अन्नातल्या आर्सेनिकचा तपासणी अहवाल हातात आला की आधी आकडा बघू नये. त्याच्या डावीकडे ‘एकूण’ लिहिलंय की ‘असेंद्रिय’, ते बघावं. कोळंबीत एकूण आर्सेनिक किलोमागे कित्येक मिलिग्रॅम निघू शकतं आणि तरी ती निर्धोक असते. त्यातलं बहुतेक आर्सेनोबीटेन हे सेंद्रिय रूप असतं आणि ते लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. तांदळातला आकडा त्या मानाने फारच लहान, पण त्यातला मोठा वाटा असेंद्रिय, म्हणजे सोमल या जुन्या विषाच्या (आर्सेनिकच्या ऑक्साइडच्या) घराण्यातला.

मराठीत या शब्दाने वेगळाच घोळ घातला आहे. रसायनशास्त्रात ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनशी जोडलेलं. बाजारात ‘सेंद्रिय’ म्हणजे रासायनिक खताविना पिकवलेलं. ‘सेंद्रिय तांदळात असेंद्रिय आर्सेनिक’ असं छापलं की वाचकाला ती मुद्रणदोषाची गंमत वाटते. वाक्य मात्र बरोबर आहे. भाताचं पीक पाण्यात उभं असतं, चिखलात प्राणवायू नसतो, मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं आणि मुळं ज्या वाटेने सिलिका घेतात त्याच वाटेने ते आत येतं. शेणखत घातलं म्हणून ती वाट बंद होत नाही. ‘कार्बनी’ आणि ‘अकार्बनी’ ही जुनी जोडी रुळली असती तर बरं झालं असतं. शिवाय सेंद्रिय रूप म्हटलं की निरुपद्रवी, असंही नाही: तांदळातच सापडणाऱ्या डायमिथाइल रूपावर कर्करोगाचा संशय आहेच.

जुन्या चाचण्यांना हा भेद कळत नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. १८३६ ची मार्श चाचणी विषप्रयोग पकडायला होती. १९०० साली मँचेस्टर परिसरात बिअरमधून सहा हजारांवर लोकांना बाधा झाली, तेव्हा दोष साखर बनवताना वापरलेल्या गंधकाम्लाचा निघाला. चौकशीनंतर घन पदार्थांसाठी पौंडामागे एक शतांश ग्रेन (वजनाचं जुनं माप) सोमल ही मर्यादा सुचवली गेली. आपल्या जुन्या भेसळ-प्रतिबंधक नियमांत ‘इतर अन्नपदार्थ’ या रकान्यात १.१ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) असा विचित्र आकडा होता. ग्रेनचे मिलिग्रॅम करा, सोमलातला ऑक्सिजन वजा करा, उत्तर जवळपास तेच येतं. १९५५ मध्ये जपानात दूध पावडरीतून १२ हजारांहून अधिक बाळांना विषबाधा झाली, तीही कारखान्यातल्या अशुद्ध रसायनामुळे. दोष जमिनीतच असेल, हे गृहीत धरलेलंच नव्हतं.

बंगालमध्ये १९८३ च्या सुमारास रुग्णांच्या त्वचेवरून कूपनलिकांचं पाणी संशयात आलं. पुढची वीस वर्षं सगळं लक्ष पिण्याच्या पाण्यावर होतं. १९९३ मध्ये पाण्याची जागतिक मार्गदर्शक पातळी लिटरमागे ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आली. त्याच भूजलावर बोरो, म्हणजे उन्हाळी, भात पिकतो, हा मुद्दा मागाहून आला.

खरा वाद २०१० नंतरचा. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने आठवड्याला शरीराच्या किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही जुनी सह्य मात्रा मागे घेतली, आणि तिच्या जागी दुसरी दिलीच नाही. दिला तो धोका मोजायचा एक संदर्भबिंदू: दिवसाला किलोमागे ३ मायक्रोग्रॅम, जिथे फुप्फुसाच्या कर्करोगात अर्ध्या टक्क्याची वाढ दिसते. तरीही २०१४ मध्ये पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक ही आंतरराष्ट्रीय व्यापारी मर्यादा ठरली. सुरक्षित पातळीच उरली नव्हती, मग हा आकडा आला कुठून? बाजारातला बहुतेक तांदूळ जिथे बसेल तिथे रेघ ओढली गेली. व्यापाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. खाणाऱ्याच्या दृष्टीने नाही. रोज ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या ५० किलोच्या माणसाला मर्यादेतल्या तांदळातून ८० मायक्रोग्रॅम मिळू शकतं, म्हणजे किलोमागे १.६, त्या संदर्भबिंदूच्या निम्म्याहून जास्त. मर्यादेतलं पाणी दोन लिटर प्यायलं तर त्यातून फार तर २० मायक्रोग्रॅम. आठवड्यातून एकदा भात खाणाऱ्यालाही तीच मर्यादा. २०१६ मध्ये हातसडीच्या तांदळाला ०.३५ ची सूट मिळाली, कारण आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं.

युरोपने २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळाची मर्यादा ०.१५ वर आणली. २०२४ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी, यावेळी त्वचेच्या कर्करोगाचा आधार घेऊन, संदर्भबिंदू दिवसाला शरीराच्या किलोमागे ०.०६ मायक्रोग्रॅमवर नेला.

प्रयोगशाळांपुढे आधी रूपं वेगळी करायचं काम असतं, मग मोजायचं. पदार्थ खारट असेल तर मोजणाऱ्या उपकरणातला आर्गॉन वायू मिठातल्या क्लोरीनशी जोडला जाऊन ७५ वस्तुमानाचा कण होतो, आर्सेनिकच्या अगदी बरोबरीचा. दुरुस्ती केली नाही तर आकडा फुगतो. आणि हे सगळं कच्च्या तांदळावर. भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून पेज ओतून दिली तर आर्सेनिक घटतं, दूषित पाण्यात आटवून शिजवला तर वाढतं. ताटातल्या भातासाठी मर्यादा नाही.