पार्श्वभूमी : नाशिकचे ‘थ्रीडी’ आले कुठून?

नाशिकमध्ये ‘थ्रीडी’ म्हटले की तीन जण तीन अर्थ काढतात. ॲनिमेशनच्या क्लासला जाणाऱ्या मुलासाठी ते हलणारे पात्र, गंगापूर रोडच्या बिल्डरसाठी अजून न बांधलेल्या इमारतीचा वॉकथ्रू, म्हणजे पडद्यावर आतून-बाहेरून घडवलेली फेरी, आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममधल्या डिझायनरसाठी डायचे, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचे मॉडेल. या क्षेत्राची गोष्ट सांगताना पहिले दोघे येतात, तिसरा हमखास गळतो. खरे तर सुरुवात त्याच्यापासूनच व्हायला हवी.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या आपल्या आद्य चित्रपटकाराने, दादासाहेब फाळक्यांनी, १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेऊन टिपली होती. तो वारसा मोठा आहेच. पण संगणकाच्या पडद्यावरची वळणदार रेषा आली ती मोटारीच्या कारखान्यातून. पत्र्याचा बाक गणितात कसा बसवायचा, हा प्रश्न १९६० च्या आसपास दोन फ्रेंच मोटार कंपन्यांना पडला होता. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचा पत्ता नसताना एकच उत्तर काढले. एका कंपनीने ते गुपित ठेवले, दुसरीकडच्या अभियंत्याने छापले, आणि रेषेला नाव लागले ते छापणाऱ्याचे, बेझिए. रेषेच्या दोन टोकांना दोन बिंदू आणि तिला आपापल्या बाजूला ओढणारे आणखी दोन, एवढाच तो मामला.

हीच रेषा शालिमारच्या फ्लेक्सवाल्याकडे बघायला मिळते. ‘हार्दिक शुभेच्छा’ जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले असते. छपाईच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की रफार, वेलांटीसकट सगळ्याचे गिचमिड होते. म्हणून ‘फाइल कर्व्ह करून पाठव’ असा निरोप येतो. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबले की अक्षर अक्षर राहत नाही, त्याची नुसती बाह्यरेषा उरते. ‘ह’च्या पोटातला एक नोड, म्हणजे रेषेवरचा बिंदू, ओढून पाहा, फ्रेंच पत्र्याचा बाक तिथेच हलतो.

सातपूर-अंबडमध्ये ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॅड, म्हणजे संगणकावरचे ड्रॉइंग आले, तेव्हा त्याला ‘ग्राफिक्स’ कुणी म्हटले नाही. पुढे संपूर्ण संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९९५ मध्ये आला, त्यानंतर क्लासच्या पाट्यांवर आधी ‘मल्टिमीडिया’ आणि मग ‘ॲनिमेशन’ झळकले. वाद खरा इथे आहे. क्लासवाल्यांनी चित्रकला आणि गणित दोन्ही कमी करून सॉफ्टवेअरची बटणे शिकवायचे ठरवले. लवकर नोकरी लागावी, हा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो निर्णय चुकलाच वाटतो. बटणे दर आवृत्तीत बदलतात, रेषा बदलत नाही. महागड्या पॅकेजचीही आता सक्ती नाही. २००२ मध्ये मुक्त झालेले ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर फुकट चालते.

अंबडच्या त्या डिझायनरच्या मागे उभे राहिले, तर तो बॉनेटच्या मॉडेलवर प्रतिबिंबासारखे काळे-पांढरे झेब्रा पट्टे पाडताना दिसतो. पट्टा सलग वळला तर पत्रा नीट चमकेल. कुठे मोडला, तर तो पुन्हा नोड पकडतो.