गिरण्या गेल्या, प्लॉट राहिले

मुंबईच्या नकाशावर आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज शोधून काढा. उत्तरेकडून दक्षिणेकडे ही मैदानं एकामागोमाग एकाच पट्ट्यात लागतात. जिथे फुटाफुटाला सोन्याचा भाव आहे तिथे एवढी मोकळी जागा कुणी सोडली? क्रिकेटसाठी तर नक्कीच नाही. ती सोडली तोफांसाठी. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याला तट होता. तटावरून तोफ डागायची तर समोर शत्रूला आडोसा मिळता कामा नये, म्हणून बाहेरचा पट्टा घरं-झाडं काढून रिकामा ठेवला जाई. त्याला एस्प्लनेड म्हणत. १८०३ मध्ये किल्ल्यात भीषण आग लागली आणि त्यानंतर या पट्ट्याच्या पलीकडची काळबादेवी-भुलेश्वरकडची वस्ती झपाट्याने वाढली. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडला गेला. कंपनीचं सरकार त्याआधीच, १८५८ मध्ये गेलं होतं, आता तोफाही गेल्या, पट्टा मात्र बराचसा टिकला.

त्याच्या कडा भरत गेल्या, त्याही वेगवेगळ्या काळात. ओव्हलच्या पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर आहेत, १८७०च्या दशकात पूर्ण झालेले, गॉथिक थाटाचे. पश्चिमेला समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. मैदानाच्या मधोमध उभं राहून मान इकडून तिकडे वळवली की सुमारे साठ वर्षं ओलांडली जातात. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला.

शहर बदलतं ते एका वेगाने नाही, हे मुद्देसूद मांडणाऱ्यांत भूगोलतज्ज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. जर्मनीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थिरावलेले कॉन्झेन उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक या छोट्या गावाचा एकेक प्लॉट तपासत बसले आणि १९६० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. त्यांनी गावाचे तीन थर पाडले. सगळ्यात लवकर बदलतो तो जागेचा वापर: घराचं दुकान होतं, दुकानाचं ऑफिस. इमारत त्याहून सावकाश बदलते. आणि रस्ते नि प्लॉटच्या हद्दी सगळ्यात चिवट, त्या शतकानुशतकं हलत नाहीत.

असं का होतं, याचं उत्तर साधं आहे. इमारत पाडायला एक मालक पुरतो. रस्ता सरकवायचा तर दोन्ही बाजूंचे पन्नास मालक, त्यांचे भाडेकरू, जमिनीखालचे पाण्याचे नळ, गटारं, केबल आणि कोर्टातले दावे, हे सगळं एकाच वेळी हलवावं लागतं. लंडनने हे १६६६च्या आगीनंतर अनुभवलं. शहराचा मोठा भाग जळून खाक झाला होता. ख्रिस्तोफर रेन यांनी काही दिवसांतच रुंद, सरळ रस्त्यांचा नवा आराखडा राजापुढे ठेवला. पण प्रत्येकाला आपली जागा होती तिथेच हवी होती. काही रस्ते रुंद झाले, घरं विटांची झाली, पण शहर बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर पुन्हा उभं राहिलं. रोममधला पियाझ्झा नव्होना हा लांबट चौक तर डोमिशियन सम्राटाच्या स्टेडियमचा आकार जवळपास दोन हजार वर्षं धरून आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्या होत्या तिथे आता घरं आहेत.

हे तीन वेग एकमेकांपासून फटकले की काय होतं, हे पाहायला मात्र परदेशी जायला नको. लोअर परळला उतरा.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा भागात गिरण्यांचं जाळं पसरलं. तेव्हा ही शहराची कड होती, त्यामुळे जमीन स्वस्त आणि प्लॉट ऐसपैस. गिरणीला मोठी शेड, कापसाची गोदामं, बॉयलर आणि बॉयलरसाठी तळं लागे. भोवती उंच भिंत आणि आत जायला एखाद-दुसरं गेट, कारण कामगार कधी आत आला नि कधी बाहेर पडला यावर नजर ठेवायची होती. भिंतीबाहेर चाळी, खानावळी, भजनी मंडळं. भोंगा झाला की पाळीचे लोक चालत निघत. बहुतेक कामगारांचं घर गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. कित्येक खोल्यांत तर पाळीनुसार झोपणारे बदलत. कामावर जायला या लोकांना लोकलची गरज क्वचितच पडायची. हा तपशील लक्षात ठेवा.

दरम्यान रेल्वेच्या दोन मार्गांवरून शहर उत्तरेकडे पसरत गेलं आणि जी कड होती ती मध्य झाली. एखाद्या जागेवर कोण टिकतं, याचा एक हिशेब अर्थतज्ज्ञ विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडला होता: केंद्राच्या जितकं जवळ, तितकी जागेसाठी चढाओढ जास्त, आणि जो जास्त भाव देऊ शकतो तो तिथे राहतो. सूत काढून मिळणारा नफा आणि बँकेच्या ऑफिसचं भाडं यांत कोण जिंकणार हे उघड होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आधीच डबघाईला आलेल्या गिरण्या त्यानंतर सावरल्या नाहीत. गिरण्या संपाने मारल्या की जमिनीच्या भावाने, हा वाद गिरणगावात अजून रंगतो. माझ्या मते संपाने फक्त तारीख ठरवली.

उरली ती सुमारे ६०० एकर जमीन, आणि इथे शहराला प्लॉटचा थर बदलण्याची दुर्मीळ संधी आली होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते: एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाकडे. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणीला फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन धरायची, शेड पाडून मोकळी होणारी नाही, असं ठरलं. गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळं असं कितीसं असणार? शहराचा वाटा आक्रसला, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा बदल कायम ठेवला. सगळ्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून आतून नवे रस्ते काढणं, बागा जोडणं हे मग राहूनच गेलं. जो तो आपल्या भिंतीच्या आत बांधत सुटला.

म्हणून आजचं लोअर परळ असं दिसतं: पस्तीस-चाळीस मजली टॉवर, खाली मॉल, आणि दोन्हींना जायला तोच जुना सेनापती बापट मार्ग किंवा ना. म. जोशी मार्ग. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि गिरणीची चिमणी शोभेला ठेवली आहे. चिमणीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण गिरणीची खरी खूण म्हणजे ती लांबच लांब कुंपणभिंत. समोर दिसणाऱ्या इमारतीत शिरायला अख्ख्या प्लॉटला वळसा घालावा लागतो, कारण गेट अजून एखाद-दुसरंच आहे.

वापर दोनेक दशकांत पालटला. चालत येणाऱ्या कामगारांच्या जागी विरार-कल्याणहून लोकलने येणारे नोकरदार आले. त्यांना उतरायला एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्टेशनं होती, दोन मार्गांना जोडणारा एक अरुंद पादचारी पूल होता. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पाऊस आला, लोक पुलाच्या जिन्यावर थबकले, मागून गर्दी येतच राहिली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. बातम्यांत अफवा आणि पावसाची चर्चा झाली, ती खोटी नव्हती. पण जिन्याची रुंदी एका काळातली आणि गर्दी दुसऱ्या काळातली होती. लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पादचारी पूल उभारला. एल्फिन्स्टन रोडचं नावही २०१८ मध्ये प्रभादेवी झालं.

प्लॉटच्या हद्दी कधीच पुसल्या जात नाहीत असं नाही. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० जुन्या इमारती एकत्र करून समूह पुनर्विकास चालू आहे. तिथे गल्ल्याही नव्याने आखल्या जाताहेत. ते शक्य झालं कारण एका ट्रस्टने इमारतीमागून इमारत विकत घेत जमीन एका हाती आणली. गिरण्यांच्या बाबतीत तर जमीन आधीच मोजक्या हातांत होती, म्हणून तिथली हुकलेली संधी जास्त खटकते.

आता परळ आणि प्रभादेवी यांच्यामधला रस्त्याचा एल्फिन्स्टन पूलही २०२५ मध्ये पाडायला घेतला आहे. त्या जागी दुमजली पूल व्हायचा आहे. वरचा मजला शिवडी-वरळी जोडरस्त्याचा, अटल सेतूवरून येणाऱ्या गाड्यांसाठी. खालचा मजला जुन्याच रेषेवर, आंबेडकर रस्ता ते सेनापती बापट मार्ग.