चुलीच्या धुरानं डोळे साफ होत नाहीत
बेळगाव-खानापूरकडं अजून सांगतेत, चुलीच्या धुरानं डोळ्यातनं पाणी जातं न् नजर साफ होते, लाकडाचा धूर नैसर्गिक, त्यानं काय होतंय. साफ चूक आहे हे! पाणी येतं ते डोळे चुरचुरतात म्हणून, उलट वर्षानुवर्षं धुरात बसणाऱ्या बायकांना मोतीबिंदूचा धोका जास्त. धुरातले पीएम २.५ कण केसापेक्षा साधारण ३० पट बारीक, थेट फुफ्फुसात खोल जातात, विडीला हात न लावता सीओपीडी (धाप लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) होतो, बारक्या पोरांना न्यूमोनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० मध्ये घरातल्या धुरानं जगात ३२ लाख माणसं गेली. खानापूरच्या पावसात तर लाकडं ओली, खिडक्या बंद, सगळा धूर आतच. गॅस परवडत नसेल तर निदान वाळकी लाकडं वापरा, चुलीवर धुराडं बसवा, आणि तान्ह्या पोराला चुलीपाशी घेऊन बसू नका.