पुरवठा साखळीतील माहितीचे रूपांतरण (डिजिटल ट्विनसाठी)

खरेदी, वाहतूक, साठा व पुरवठादार यांविषयीच्या व्यावसायिक नोंदी कारखान्याच्या संगणकीय प्रतिरूपाला, म्हणजे डिजिटल ट्विनला, वापरता येतील अशा घटना, अवस्था आणि मापे यांच्या रूपात आणण्याची प्रक्रिया. फाइलचा साचा बदलणे हा तिचा सर्वांत सोपा भाग होय. एकक, ओळख आणि काळ या तिन्ही बाबतींत नोंदीचा अर्थ शाबूत ठेवणे हे तिचे खरे काम आहे. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे बडोदे (वडोदरा) परिसरातील ट्रान्सफॉर्मर उद्योगाची आहेत.

डिजिटल ट्विन या कल्पनेच्या उगमाविषयी मतैक्य नाही. १९७० मध्ये अपोलो-१३ यान संकटात सापडले असता नासाने जमिनीवरील सिम्युलेटरांवर उपाय पडताळून पाहिले, त्यात काही लेखक या कल्पनेचे मूळ पाहतात. मात्र ते सिम्युलेटर मुळात प्रशिक्षणासाठी बांधलेले असल्याने हे मत काहीसे ओढूनताणून आणलेले वाटते. डेव्हिड गेलर्न्टर यांनी १९९१ मध्ये वास्तव व्यवहारांच्या संगणकीय प्रतिबिंबाची कल्पना मांडली होती. वस्तू, तिचे प्रतिरूप आणि दोहोंमधील माहितीचा दुतर्फा प्रवाह ही तीन अंगे मायकेल ग्रीव्ह्ज यांच्या, साधारणपणे २००२ मधील मानल्या जाणाऱ्या, मिशिगन विद्यापीठातील मांडणीत एकत्र येतात, म्हणून तीच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक ठरते. प्रचलित नावाचे श्रेय ग्रीव्ह्ज यांनी नासाचे जॉन व्हिकर्स यांना दिले आहे. व्हेर्नर क्रिट्झिंगर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये माहितीच्या प्रवाहावरून ‘मॉडेल’, ‘शॅडो’ व ‘ट्विन’ असा भेद केला: माहिती हाताने भरली जात असेल तर मॉडेल, वस्तूकडून प्रतिरूपाकडे आपोआप येत असेल तर शॅडो, आणि दोन्ही दिशांनी आपोआप वाहत असेल तरच ट्विन. हा निकष लावल्यास पुरवठ्याच्या बाजूची बहुतेक प्रतिरूपे शॅडोच्या पायरीवरच राहतात, कारण त्यांना मिळणारी माहिती मुख्यतः कागदपत्रांतून एकाच दिशेने येते.

अमेरिकेतील एक्स-१२ (समितीची स्थापना १९७९) आणि संयुक्त राष्ट्रांची एडिफॅक्ट या संगणकांमधील दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धती खरेदी आदेश, पाठवणीची सूचना, बीजक अशा दस्तऐवजांभोवती रचलेल्या आहेत. प्रतिरूपाला मात्र दस्तऐवज नको असतो; कोणता लॉट (एकत्र तयार झालेल्या मालाचा गट), कुठे, केव्हा, कोणत्या अवस्थेत, हे हवे असते. बारकोडची मानके ठरवणाऱ्या जीएस-१ संस्थेच्या ईपीसीआयएस या मानकाने (२००७, दुसरी आवृत्ती २०२२) घटना हाच नोंदीचा घटक मानला आणि घटना घडल्याची वेळ व ती नोंदवल्याची वेळ वेगळी ठेवण्याची सोय केली, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होय. कारखान्याच्या आतील मांडणीसाठी आयएसए-९५ या कारखाना व व्यवसाय प्रणाली जोडणाऱ्या मानकातील ‘मटेरियल लॉट’ ही संकल्पना उपयोगी पडते. उत्पादनातील डिजिटल ट्विनचे आयएसओ २३२४७ हे मानक २०२१ मध्ये चार भागांत आले. त्यात माल हा निरीक्षणीय घटकांपैकी एक आहे, परंतु पुरवठादाराकडील नोंदींचा विचार त्यात त्रोटक आहे.

एककांचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण बडोद्यातील अनुभव तसा नाही. तांब्याची पट्टी किलोवर खरेदी होते आणि वाइंडिंगला (वेटोळी गुंडाळण्याला) मीटरमध्ये लागते. १० × ३ मिमी छेदाची उघडी पट्टी मीटरला सुमारे २६७ ग्रॅम भरते, म्हणजे १०० किलोत जवळपास ३७५ मीटर. कागद गुंडाळलेल्या पट्टीत कागदाचे आणि रिळाचे वजन वजा न केल्यास प्रतिरूपात नसलेले तांबे दिसू लागते. ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायच्या तेलाचे गणित तापमानावर अवलंबून असते. २० अंशांवरील १०,००० लिटर तेल ४० अंशांवर सुमारे १५० लिटरने फुगते, त्यामुळे मे महिन्यात टँकर खाली करताना घेतलेले माप तापमानाशिवाय नोंदवले तर साठा चुकतो. अशा मालाची नोंद किलोमध्ये ठेवणे श्रेयस्कर.

ओळखीच्या बाबतीत जीएसटीच्या ई-बीजकाचा (१ ऑक्टोबर २०२०पासून; १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींहून अधिक उलाढालीस लागू) आधार घेतला जातो, कारण ते जेसन या संगणकाला थेट वाचता येणाऱ्या ठरलेल्या साच्यात असते. तथापि त्यातील एचएसएन हा वस्तूंच्या वर्गवारीचा संकेतांक कराच्या सोयीचा आहे: ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसाठी (गाभ्यासाठी) लागणारे ०.२३ आणि ०.२७ मिमी जाडीचे सीआरजीओ (विशिष्ट चुंबकीय गुणांचे) पोलाद रुंदी ६०० मिमी वा अधिक असल्यास एकाच ७२२५११ संकेतांकाखाली येते, आणि लॉट क्रमांक भरणे ऐच्छिक आहे. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक भागातील लहान कारखान्यांच्या आवकवहीत तर एकच माल ‘पट्टी’, ‘स्ट्रिप’ व ‘कंडक्टर’ अशा मराठी-गुजराती-इंग्रजी वळणांच्या नावांनी उतरलेला आढळतो. म्हणून पुरवठादाराचा संकेतांक, स्वतःचा संकेतांक आणि मिलचे (माल बनवणाऱ्या कारखान्याचे) प्रमाणपत्र यांची जोडणारी सारणी आधी करावी लागते. ती नसेल तर एर्डा (स्थापना १९७४) या येथील चाचणी संस्थेच्या अहवालात कोअरचा लोहव्यय (गाभ्यात वाया जाणारी वीज) जास्त आढळला, तरी तो पोलादाच्या कोणत्या लॉटमुळे, हे प्रतिरूप सांगू शकत नाही.

काळाची गफलत सर्वाधिक नुकसान करते. माल फाटकातून सकाळी आत येतो, काट्यावर दुपारी तोलला जातो, तपासणी दुसऱ्या दिवशी होते आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अनेकदा आठवड्याची एकदम केली जाते. अशा वेळी जीआरएनची तारीख आगमनाची मानल्यास प्रतिरूपातील पुरवठ्याचा कालावधी विनाकारण लांबतो. जॉब वर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यात, कापणीसाठी गेलेली लॅमिनेशन (कोअरचे पातळ पत्रे) हिशेबात साठ्यातच दिसतात, कारण मालकी बदललेली नसते. प्रतिरूपासाठी त्यांचे स्थान माल पाठवण्याच्या चलानावरून स्वतंत्र घ्यावे लागते. सर्व वेळा +५:३० या जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या फरकासह लिहिणे, आयात मालाच्या बाबतीत विशेषतः, आवश्यक असते.

उलट दिशेचे रूपांतरण अद्याप विरळ आहे. प्रतिरूपाने वर्तवलेली मीटरमधील तूट पुन्हा किलोत आणून, रिळाच्या किंवा पिंपाच्या पूर्ण मापापर्यंत वाढवून, खरेदी विभागाच्या मंजुरीनंतरच तिचा आदेश होतो.