पाय घसरला की ठेच लागली? दोन्ही एक नाही

आमच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, कोणीही पडलं की रजिस्टरला एकच वाक्य, "पाय घसरून पडला". मग तो तेलावरून घसरलेला असो नाहीतर वर आलेल्या फरशीला अडखळून तोंडावर आपटलेला असो. आणि एकदा घसरला लिहिलं की पुढचं ठरलेलंच, पुसून घ्या, शूज बदला, फरशी आहे तिथेच.

घसरताना बहुतेक वेळा काय होतं, टाच टेकते पण पकड मिळत नाही, पाय पुढे पळतो, अंग मागे राहतं आणि माणूस मागे पडतो. मार बसतो माकडहाडाला, खुब्याला, डोक्याच्या मागे, हात टेकला तर मनगट जातं. ठेच लागली की बरोब्बर उलटं, पाय अडकतो आणि अंग पुढे जात राहतं, मग तळहात, गुडघे, तोंड. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, पुढे पडलास का मागे?

आणि मोठा अडथळा दिसतो, आपण चुकवतो. पण सपाट जागी चालताना आपला चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच वर असतो, त्यामुळे सेंटिमीटरभर वर आलेली शहाबादीची कड पुरते.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातले एक दादा स्टोअरमधून बॉक्स घेऊन येत होते, बॉक्समुळे पायाखालचं दिसेना, बूट फरशीच्या सांध्याच्या कडेला अडकला. हात बॉक्सखाली त्यामुळे टेकताच आले नाहीत, हनुवटी फुटली, टाके पडले. रजिस्टरला काय, तर "ओल्या फरशीवरून घसरला". दुसऱ्या दिवशी दोनदा पोछा मारला, सांध्याला कोणी हात लावला नाही. मला याचा खरंच राग आला.

गोंधळ होतो कारण खराब फरशी दोन्ही करते. उंचवट्याला ठेच लागते आणि खळग्यात कूलंट (मशीनवर काम थंड ठेवायला सोडतात ते द्रव) साचतं, त्यावर घसरतं. पण घसरण्यावर इलाज म्हणजे गळती बंद करणं, लगेच पुसणं, पकडीचे सोल. ठेचेवर इलाज म्हणजे कड घासणं, खळगा भरणं, उजेड, आणि वाटेतली केबल उचलणं. शूज कितीही भारी घ्या, कड काही खाली जात नाही. कडेवर पिवळा पट्टा मारतात ते चांगलंय, पण गुळगुळीत ऑइल पेंट असेल तर ओला झाल्यावर तोच घसरवतो, त्यात वाळू मिसळून मारा.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 32 मध्येपण दोन्ही आलं होतं, फरशी पक्की आणि नीट राखलेली हवी, वाटेत अडथळा नको आणि पाय घसरेल असं काही सांडलेलं नको.

त्या दादांची नोंद आम्ही मागे लागून बदलून घेतली, "हातात बॉक्स, सांध्याच्या कडेला बूट अडकून पुढे पडला". त्याच आठवड्यात गवंडी आला.