मॅमथ आणि मॅस्टोडॉन: फरक दाढेत आहे

चार्ल्स विल्सन पील यांनी १८०१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या दलदलीतून उपसून काढलेला आणि फिलाडेल्फियाच्या आपल्या संग्रहालयात उभा केलेला अवाढव्य सांगाडा लोक ‘मॅमथ’ समजूनच पाहायला येत असत. प्रत्यक्षात तो मॅस्टोडॉन या दुसऱ्याच नामशेष, सोंडवाल्या प्राण्याचा होता. दोष प्रेक्षकांचा नव्हता. शास्त्रीय नामकरणानेही या घोटाळ्यात भरच घातली आहे, कारण मॅस्टोडॉनच्या प्रजातीचे नाव ‘मामुट’ आणि मॅमथच्या प्रजातीचे ‘मामुथस’!

सोंड आणि सुळे दोघांनाही असल्यामुळे चित्रांत ते भावंडे वाटतात, परंतु नाते तितके जवळचे नाही. मॅमथ हत्तींच्याच कुलातला, त्यातही आफ्रिकी हत्तीपेक्षा आपल्याकडच्या आशियाई हत्तीला अधिक जवळचा. मॅस्टोडॉनची शाखा मात्र दोन कोटी वर्षांहूनही आधी वेगळी झाली होती.

ओळख पटवायची तर सुळ्यांकडे न पाहता तोंडात पाहावे. मॅमथची दाढ टाकी लावलेल्या जात्यासारखी असते: सपाट, आणि तिच्यावर दंतवल्काच्या, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाच्या, एकाआड एक अरुंद धारा. केसाळ मॅमथच्या शेवटच्या दाढेत अशा वीसहून अधिक पट्ट्या आढळतात, कारण धुळीने माखलेले चिवट गवत आयुष्यभर दळायचे म्हणजे दाढ झिजणारच. हत्तीप्रमाणेच त्यालाही दाढांचे सहा संच एकामागून एक येत. मॅस्टोडॉनच्या दाढेवर याउलट बोथट शंकूंच्या जोड्या असतात, आणि त्यांच्या आकारावरूनच फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी त्याला ‘स्तनासारखे दात असलेला’ या अर्थाचे नाव दिले. डहाळ्या आणि पाने चुरडायला अशीच दाढ हवी.

बाकीचा फरक या आहारामागोमाग येतो. जंगलात राहणारा मॅस्टोडॉन बुटका, लांबट, सपाट डोक्याचा होता, तर मॅमथचे गंडस्थळ उंच आणि पाठ मागे उतरती. मॅस्टोडॉन उत्तर व मध्य अमेरिकेबाहेर सापडत नाही. मॅमथ आफ्रिकेत उगम पावून युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत पसरला. सायबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीमुळे त्याचे केस, कातडी, इतकेच नव्हे तर २००७ मध्ये यामाल द्वीपकल्पात मिळालेल्या ‘ल्युबा’सारखे अखंड पिल्लूही आपल्यापर्यंत पोहोचले. मॅस्टोडॉनची बहुतेक हाडेच उरली, त्यामुळे त्याच्या अंगावर चित्रकार रंगवतात ती दाट लोकर बरीचशी अंदाजाची आहे.

दोघे नामशेष कसे झाले, हे मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. हिमयुग ओसरताना कोरडी गवताळ मैदाने ओलसर, शेवाळी झाली आणि मॅमथचे कुरणच आटले, हे समजण्यासारखे आहे. पण मॅस्टोडॉन तर झाडपाला खाणारा. जंगलांची जात बदलली तरी जंगले संपली नव्हती, आणि तरीही तो सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत नाहीसा झाला. वॉशिंग्टन राज्यातील मॅनिस येथे एका मॅस्टोडॉनच्या बरगडीत माणसाच्या शस्त्राचे हाडी टोक रुतलेले सापडले असून ते सुमारे १३,८०० वर्षांपूर्वीचे आहे, त्यामुळे केवळ हवामानावर सगळा भार टाकणे मला पटत नाही.

मॅमथ बेटांवर मात्र तग धरून राहिला. आर्क्टिकमधल्या रँगल बेटावरचा शेवटचा कळप सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होता, म्हणजे सिंधू संस्कृतीचे कारागीर मुद्रांवर हत्ती कोरत होते त्या काळातही तिथे मॅमथ चरत होते.