पास्ता अल तोन्नो

पास्ता अल तोन्नो म्हणजे डब्यातला टुना, लसूण, ऑलिव्ह ऑइल आणि बहुतेक वेळा टोमॅटो घालून केलेला इटालियन पास्ता. इटलीत हॉटेलच्या मेन्यूवर तो फारसा दिसत नाही, घरात मात्र सर्रास होतो, कारण सगळं सामान फडताळातच पडलेलं असतं, पास्त्याचं पाकीट, माशाचा डबा, टोमॅटोचा डबा, केपर्सची (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्यांची) बाटली, आणि पाणी उकळत ठेवल्यापासून ताटं वाढेपर्यंत अर्धा तास पुरतो. शिकायला बाहेर राहणारी मुलं करतात, उशिरा कामावरून येणारे करतात, त्यामुळे याच्याकडे अडीअडचणीचं जेवण म्हणूनच बघितलं जातं. हा या पदार्थावर अन्याय आहे. टिकवलेला मासा आणि पास्ता ही जोडी इटलीत चांगली मुरलेली आहे आणि नीट जमली तर ताज्या माशाच्या पास्त्यापुढे कुठे कमी पडत नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, की डब्यातला टुना आधीच पूर्ण शिजलेला असतो आणि त्याला परत शिजवायचं नसतं.

मासा डब्यात कसा आला

अन्न बंद भांड्यात भरून, उकळून टिकवायची रीत फ्रान्सच्या निकोला आपेरने बसवली. तो मूळचा मिठाईवाला. त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं आणि १८१० मध्ये त्याने सगळी पद्धत छापून लोकांसाठी खुली केली. तो काचेच्या बाटल्या वापरायचा, पत्र्याच्या डब्याचं पेटंट त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने घेतलं. पुढे १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात सार्डिन तेलात घालून डबाबंद करायचा धंदा सुरू झाला.

टुनाची गोष्ट मात्र इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटाची. सिसिलीच्या पश्चिमेला एगादी बेटं आहेत, त्यातलं फाविन्याना हे टुनाचं बेट. उन्हाळा सुरू होताना ब्लूफिन टुना अंडी घालायला भूमध्य समुद्रात येतात, त्यांच्या वाटेत जाळ्यांच्या एकामागोमाग एक खोल्या उभ्या करायच्या, मासे आत आत सरकत गेले की शेवटच्या खोलीचं जाळं सगळ्यांनी मिळून वर ओढायचं, याला मात्तान्झा म्हणतात आणि हुकूम देणाऱ्या म्होरक्याला राईस. पूर्वी हा मासा मिठात घालून पिंपात भरला जायचा. १८७४ मध्ये पालेर्मोचा व्यापारी इग्नात्सिओ फ्लोरिओ याने ही बेटंच विकत घेतली, फाविन्यानाला मोठा कारखाना चालवला आणि शिजवलेला टुना ऑलिव्ह ऑइलमध्ये बुडवून पत्र्याच्या डब्यातून विकला. तो कारखाना आता म्युझियम आहे. आज इटलीतल्या नेहमीच्या डब्यात बहुतेक वेळा उष्ण कटिबंधातल्या समुद्रांतला यलोफिन टुना असतो, ब्लूफिन फार महाग पडतो. पोटाकडच्या चरबीदार भागाचा वेगळा डबा मिळतो, त्याला वेंत्रेस्का म्हणतात, तो पास्त्यात घालून संपवण्यापेक्षा नुसता ब्रेडबरोबर खावा.

आपल्या समुद्रातही ही सगळी मंडळी आहेत. टुना म्हणजे कुपा, सार्डिन तारलीच्या नात्यातला आणि अँचोव्ही मांदेलीच्या कुळातला. लक्षद्वीपमध्ये तर काठीला गळ लावून एकेक टुना पकडतात आणि मिनिकॉय बेटावर तो डबाबंद करायचा कारखाना आहे.

टुना शेवटी, अँचोव्ही आधी

डबा भरण्याआधी टुना वाफेवर शिजवून साफ करतात, मग त्याचे तुकडे डब्यात बसवून तेल किंवा मिठाचं पाणी घालतात, डबा सील करतात आणि प्रेशरखाली सव्वाशे अंश सेल्सियसच्या जरा खालच्या तापमानाला परत तापवतात म्हणजे आत जिवाणू राहात नाहीत. म्हणजे आपल्या हातात येतो तेव्हा मासा दोनदा शिजलेला असतो. तोच पुन्हा सॉसमध्ये दहा मिनिटं रटरटवला की त्यात उरलेला ओलावाही निघून जातो, चोथा होतो, सॉसभर बारीक दोरे पसरतात आणि तोंडात कापूस चावल्यासारखं वाटतं. हा पास्ता ज्यांना आवडत नाही त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण हेच, मासा डब्यातला होता हे कारण नाही.

अँचोव्हीचं सगळं उलटं. ती शिजवलेली नसते, मिठात दाबून काही महिने मुरवलेली असते आणि मग साफ करून तेलात ठेवतात, नंतर तापवत नाहीत, म्हणून तिचा डबा न उघडताही फ्रीजमध्येच ठेवावा लागतो. (कितीतरी दुकानांत तो बाहेरच्या शेल्फवर दिसतो, असा घेऊ नये.) अँचोव्ही कोमट तेलात सोडली आणि लाकडी चमच्याने हळूच दाबली की मिनिटाभरात कडा विरघळायला लागतात, मग अख्खी पट्टी मोडते आणि तेलात तपकिरी गाळ उरतो. माशाचा उग्र वास जातो, खारट खमंग चव राहते. म्हणून एकाच पास्त्यात दोन्ही घालायचे असतील तर अँचोव्ही सगळ्यात आधी आणि टुना गॅस बंद केल्यावर. सार्डिनही शिजलेलाच असतो, त्यालाही टुनाचा नियम, त्याचे मऊ झालेले काटे काढायची गरज नाही, खाता येतात आणि कॅल्शियम त्यातच असतं.

डब्यातल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो. ऑलिव्ह ऑइल असेल तर फोडणीला तेच वापरावं, चव त्यात उतरलेली असते. सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल असेल तर निथळून टाकावं. मिठाच्या पाण्यातला टुना घेतला तर पाणी पिळून काढून वरून चांगलं तेल सढळ हाताने घालावं, नाहीतर ताट कोरडं लागतं.

करायची पद्धत

दोघांना २०० ग्रॅम स्पॅगेटी, दीडशे ते १८० ग्रॅमचा टुनाचा एक डबा, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, मूठभर ऑलिव्ह, चमचाभर केपर्स, पाव किलो छोटे टोमॅटो किंवा टिनमधल्या टोमॅटोचा अर्धा डबा. पास्त्याला १०० ग्रॅममागे एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असं इटलीत घरोघरी पाठ असतं, पण इथे ऑलिव्ह खारट, केपर्स खारट, मासा खारट, त्यामुळे मीठ सात ग्रॅमवर आणलेलं बरं. केपर्स मिठातले असतील (पान्तेल्लेरिया बेटाचे मिठातलेच येतात आणि तेच उत्तम) तर आधी धुऊन दहा मिनिटं पाण्यात ठेवावेत.

पाणी उकळायला ठेवलं की दुसरीकडे पसरट पॅनमध्ये तेल आणि ठेचलेला लसूण एकदमच घालायचा, म्हणजे तेल थंड असतानाच, आणि आच मंद. आपल्या हाताला कडकडीत तेलात लसूण टाकायची सवय असते, तसा तो लाल होतो आणि कडवट होतो, इथे तो फिका सोनेरी राहायला हवा आणि तेलाला वास लागायला हवा. सुकी मिरची मोडून घालायची, बेडगीपेक्षा जरा तिखट असलेली चालते. मग टोमॅटो, ऑलिव्ह, केपर्स, आणि आच वाढवून सात-आठ मिनिटं. तोवर पास्ता शिजत आलेला असतो. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला चिमट्याने उचलून सरळ पॅनमध्ये टाकायचा, त्याच्याबरोबर पास्ता शिजवलेलं वाटीभर पाणी, आणि शेवटची दोन मिनिटं तिथेच हलवत शिजवायचा. हे पाणी कधीही सिंकमध्ये ओतून देऊ नका. त्यात पास्त्यातला स्टार्च असतो, तो तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, म्हणून सॉस दाटसर होऊन पास्त्याला चिकटतो, नाहीतर ताटात खाली लाल पाणी आणि वर तेल असं वेगळं होतं. मग गॅस बंद, टुना मोठे मोठे तुकडे ठेवून वरून घालायचा, एक-दोनदाच खालीवर करायचा, पार्स्ली, थोडी लिंबाची साल किसून, आणि लगेच वाढायचं. पार्स्ली नसेल तर नसू दे, कोथिंबीर घातली की पदार्थ दुसरीकडेच जातो.

भाज्या

घाईच्या जेवणात भाजी वेगळी करायची गरजच पडू नये ही सोय या पदार्थात आहे आणि ती वापरायला हवी. सगळ्यात सुंदर रीत दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांताची. तिथे ओरेक्किएत्ते नावाचा कानाच्या आकाराचा पास्ता आणि चिमे दि रापा, म्हणजे सलगमच्या जातीची जरा कडसर पालेभाजी, एकाच पातेल्यात एकाच पाण्यात शिजवतात आणि लसूण, मिरची, अँचोव्ही विरघळवलेल्या तेलात घालतात. एक पातेलं, एक पॅन, संपलं. याच पद्धतीने ब्रोकोलीचे छोटे तुरे पास्ता उतरवायच्या पाच मिनिटं आधी पाण्यात टाकता येतात, फ्रोझन मटार दोन मिनिटं आधी, पालक तर निथळण्याच्या क्षणी. मोहरीचा किंवा मुळ्याचा कोवळा पाला कडसरपणाला जवळचा आहे. झुकिनी आणि ढोबळी मिरची पाण्यात घालू नये, त्या मोठ्या आचेवर कडा लाल होईपर्यंत परतून बाजूला काढाव्यात. वांग्याचे चौकोनी तुकडे तळून सार्डिनबरोबर फार छान लागतात.

व्हेनिसला बिगोली (स्पॅगेटीसारखा लांब, जाड पास्ता) इन साल्सा करतात, त्यात भाजी म्हणजे फक्त कांदा. भरपूर कांदा अगदी मंद आचेवर जवळजवळ लगदा होईपर्यंत शिजवायचा, त्यात खारवलेली अँचोव्ही किंवा सार्डिन विरघळवायची आणि जाड बिगोलीवर घालायची. कॅथलिक उपवासात मांस वर्ज्य, म्हणून ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, गुड फ्रायडेला हे ताट ठरलेलं. तीन जिन्नस, पण कांद्याला वेळ द्यावा लागतो, तेवढा एक अपवाद सोडला तर बाकी सगळं पटकन होणारं.

चीज घालावं का

इटलीत माशाच्या पास्त्यावर चीज सहसा घालत नाहीत. टुनाची आणि केपर्सची चव पार्मेजानोखाली दबते, आणि खारटपणाची भर नको असते. त्याऐवजी सिसिलीत शिळ्या ब्रेडचा चुरा तेलात खमंग भाजून वरून भुरभुरतात, पूर्वी गरिबाघरी चीज परवडायचं नाही तेव्हाची ही रीत. कुरकुरीत चुरा आणि मऊ मासा एकत्र आले की जे लागतं त्यासाठी तरी शिळा पाव जपून ठेवावा. एकदा करून बघा, चीजची आठवण येणार नाही.

पास्ता कुठला

इटलीत कायद्यानेच सुका पास्ता दुरम गव्हाच्या रव्याचा असावा लागतो, हा कायदा १९६७ चा. दुरमचा पास्ता शिजून दाताला हलका लागतो, मैद्याचा गिचका होतो, आणि इथे शेवटची दोन मिनिटं पॅनमध्ये हलवायचं असल्यामुळे हा फरक लगेच कळतो. दुरम महाराष्ट्राला नवीन नाही, आपला बन्सी गहू त्याच जातीचा, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ सारखे दुरमचे वाण तयार केलेत. पाकिटावर दुरम लिहिलेलं बघून घ्यावं, बाकी ब्रँड कुठलाही.

जपायच्या गोष्टी

फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा घेऊ नये, घरात सापडला तर चाखूनही न बघता टाकून द्यावा, बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. उघडलेला टुना पत्र्यात न ठेवता काचेच्या डबीत काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. टुना, बांगडा, सार्डिन असे मासे उबदार जागी राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास होतो. टुना मोठा शिकारी मासा असल्याने त्यात पारा जास्त साठतो, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी सार्डिन किंवा अँचोव्ही बरी, त्यांच्यात ओमेगा-३ ही चांगलं असतं.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी गरम केला तर टुना कोरडा पडतो. नेपल्समध्ये उरलेल्या पास्त्याची फ्रितात्ता करतात, तीच इथेही करावी. तीन-चार अंडी फेटून त्यात पास्ता कालवायचा, तेल लावलेल्या पॅनमध्ये दाबून पसरायचा, खालची बाजू खरपूस झाली की ताटलीवर उलटून दुसरी बाजू भाजायची. थंड झाल्यावर वड्या पाडल्या की डब्याला नेता येतात.